कातडं तापेपर्यंत

शनिवारी मी भांडी तशीच ठेवते.
न्सिमाची खरवड पातेल्यात भिजत राहू दे,
उसिपाची डोकी मांजरं नेऊ देत.
ऊन टेकड्यांमागे कललं
की मला आंब्याखालच्या विटेवर जाऊन बसायचं असतं,
गुडघे दुखत असले तरी,
किंवा गुडघे दुखतात म्हणूनच.

एकतीस पोरं. माझ्या पोटचं एकही नाही.
माझ्या पोटची दोन
सरोवराच्या वरच्या वाटेला, चिंचेखाली निजलीत.
ते असो.

ढोल आमचा एकच, बकरीच्या कातड्याचा.
बाकी तेल संपलेले दोन पिवळे कॅन,
आणि बाटल्यांची झाकणं तारेत ओवून
झेलिफानं केलेलं काहीतरी,
ज्याला ती रोज नवं नाव देते.

मावुतो आला तो थंडीत.
मावुतो म्हणजे संकटं. आमच्याकडे अशी नावं ठेवतात:
त्या दिवशी घरात जे असेल
तेच बाळाला देऊन टाकायचं.
आठ वर्षांचा. सात आठवडे झाले, एक शब्द नाही.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुका असेल.
म्हटलं, मुकं पोर झोपेत भांडत नाही.
सगळी नाचायला गेली की तो चुलीशी बसायचा,
माझ्या जागेवर,
माझी राख उकरत.

त्या शनिवारी दिवसभर म्वेरा वाहत होता,
सरोवरावरचा ओला वारा.
लोंजेझोनं ढोल मांड्यांत धरला, पहिली थाप मारली:
भद्द.
भिजल्या पोत्यावर काठी बसावी तसं.
पोरी कमरेला चितेंजे आवळून उभ्या.
दुसरी थाप. भद्द.
आणि चुलीकडून आवाज आला,
खरखरीत, बरेच दिवस कुणी न उघडलेल्या दारासारखा:
"थांब. थंड आहे ते."

मग माझ्याकडे बघून:
"मक्याची बुरकुंडं."
हुकूमच.
मी आणली. धावत. गुडघ्यांसकट.

त्यानं ढोल जाळावर तिरका धरला,
हळूहळू फिरवत,
मध्येच कान लावून, बोटाच्या पेरानं टिचकी देत.
"अजून नाही."
तिसुंगे या पायावरून त्या पायावर.
"अजून नाही."
कुणीतरी शिंकलं, कुणीतरी त्या शिंकेला हसलं.
"अजून नाही. थंड कातड्यावरची थाप
नुसती थापच असते,
बाबा म्हणायचा."
बाबा.
शब्द निखाऱ्यांवर पडला
आणि जळला नाही.

मग टिचकीला उत्तर आलं.
माझ्या बरगड्यांत आधी, कानात नंतर.

ढोल त्यानं लोंजेझोला परत दिला,
आपण वाजवला नाही.
आणि अंगण सुटलं!
तिसुंगेची कंबर एकीकडे, खांदे भलतीकडे,
टाचांखालची धूळ उठून तीही फेर धरू लागली.
कॅन बडवणारे कॅन बडवता बडवता उभे राहिले.
पोरांनी नेहमीचं गाणं सोडून माझ्यावरच रचलं:
अनाफिरी आज काय विसरली?
मीठ विसरली!
काल काय विसरली?
मीठच विसरली!
झेलिफा गिरकी घेताना आपटली,
उठली आणि म्हणाली, ही नवी चाल आहे.
पुढच्या फेरीला एकतिसातले तीस
त्याच जागी, त्याच शब्दावर,
बदाबदा आपटले.
मी विटेवर पोट धरून,
डोळ्यांतून पाणी, दातांत धूळ.

एकतिसावा जाळात बुरकुंडं सारत होता.
कातडं पुन्हा थंड होतं, हे त्याला ठाऊक.
दर दोन गाण्यांनी ढोल मागून घ्यायचा,
तापवायचा, परत द्यायचा.
तिसऱ्यांदा देताना
त्याची एक टाच जमिनीवर आपटत होती,
त्याला न विचारता.

खरवड मी रविवारी सकाळी घासली.
मोठं पातेलं उन्हात पालथं घातलं.
मावुतो जाता जाता थांबला,
बुडावर पेरानं टिचकी मारली, ऐकलं.
"हेही बरं आहे," म्हणाला,
आणि तोंड धुवायला गेला.